लेबल नसलेल्या मटणाचा हिशोब

अकोटच्या एका वाचकाने गेल्या महिन्यात आम्हाला तीन स्क्रीनशॉट पाठवले. तिन्ही वेगवेगळ्या ॲपचे, तिन्हीवर शोध एकच: मटण, १०० ग्रॅम. एकाने २९४ कॅलरी दाखवल्या, दुसऱ्याने १९४, तिसऱ्याने ११८. खाली त्याचा प्रश्न होता, "यातला खरा आकडा कोणता? मी तर दोन महिन्यांपासून मटणच बंद केलंय." पुढच्या ओळीत त्याने लिहिले होते की जुम्म्याच्या दिवशी सगळे घर दस्तरख्वानावर बसते आणि तो वेगळ्या ताटलीत उकडलेले चिकन घेऊन बसतो. अम्मी काही बोलत नाही, पण तिला ते आवडलेले नाही.

तो वजन कमी करतोय, नियमित जिमला जातो, आकडे लिहून ठेवतो. चांगली गोष्ट आहे. त्याची चूक एवढीच झाली की एका शब्दावर विश्वास ठेवला. तो शब्द म्हणजे 'मटण'.

इंग्रजीत मटण म्हणजे मोठ्या मेंढीचे मांस. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, मग ते अकोटचे असो, अकोल्याचे असो की पुण्याचे. ॲपमधले आकडे बहुतेक वेळा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातून येतात, आणि तिथे 'लॅम्ब' म्हणजे कोकराच्या शिजवलेल्या, चरबीसकट मांसाचा आकडा २९४ आहे. १९४ हा भारतीय तक्त्यातला मेंढीच्या कच्च्या मांसाचा आकडा. ११८ हा भारतीय तक्त्यातलाच, पण बोकडाच्या कच्च्या मांसाचा. म्हणजे तिन्ही आकडे खरे आहेत आणि त्याच्या घरच्या पातेल्याशी त्यातला एकच जुळतो, तोही अर्धाच, कारण पातेल्यात मांस कच्चे राहत नाही आणि एकटेही राहत नाही.

हे आकडे काढले कुणी? १९१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरी या आजाराचा शोध घेण्यासाठी एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झाली. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय अन्नाचे पहिले तक्ते कुन्नूरहूनच १९३७ मध्ये निघाले. पुढे १९७१ मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांचे पुस्तक आले, आणि २०१७ मध्ये संस्थेने सगळे नव्याने मोजून मोठे तक्ते काढले. आहारतज्ज्ञ आजही जुन्या पुस्तकातले आकडे तोंडपाठ सांगतात. नव्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, हे मात्र लक्षात ठेवा. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४.२ किलोज्यूल. बोकडाच्या ११८ कॅलरी तिथल्या एककात ४९४ होतात. परदेशी पाकिटावरही दोन्ही एकके शेजारीशेजारी असतात, आणि घाईत मोठा आकडा वाचून घाबरणारे आम्ही पाहिले आहेत. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी. या लेखातही तसेच समजा.)

आकडा कुणीही सांगितला तरी तो स्वतः तपासता येतो, आणि त्यासाठी ॲपसुद्धा लागत नाही. एक ग्रॅम प्रथिन म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदक म्हणजे ४, एक ग्रॅम स्निग्धांश म्हणजे ९. बोकडाच्या १०० ग्रॅम मांसात जुन्या तक्त्याप्रमाणे २१.४ ग्रॅम प्रथिन आणि ३.६ ग्रॅम स्निग्धांश. पहिल्याला ४ ने गुणा, दुसऱ्याला ९ ने, बेरीज करा: ११८. मेंढीच्या मांसात प्रथिन १८.५ आणि स्निग्धांश १३.३, बेरीज १९४. दोन प्राण्यांत ७६ कॅलरींचा फरक पडला तो जवळपास सगळा चरबीचा. मांसात कर्बोदक जवळजवळ नसतेच, कलेजीत थोडेफार असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पाकिटापाशी उपयोगी पडेल.

आता कच्चे आणि शिजलेले. इथे सगळ्यात जास्त जण फसतात, अगदी वजनकाटा घेऊन बसणारेही. कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचे मांस कच्चे असताना १०० ग्रॅमला १२० कॅलरी, भाजल्यावर १६५. भाजल्याने कॅलरी वाढल्या का? नाही, पाणी गेले. २०० ग्रॅम कच्चा तुकडा तव्यावर आटून साधारण १४५ ग्रॅम होतो. कच्च्याच्या आकड्याने मोजा, २४० येतात. शिजलेल्याच्या आकड्याने मोजा, २३९ येतात. पण कच्चा तुकडा तोलून शिजलेल्याचा आकडा लावला तर ३३० होतात, आणि शिजलेला तोलून कच्च्याचा आकडा लावला तर १७४. रोज अशी चूक करणारा माणूस महिनाभराने म्हणतो की मोजून काही होत नाही. भाताचे याच्या उलट असते. तांदूळ पाणी पितो, म्हणून कच्च्या तांदळाचे ३४५ शिजल्यावर १३० च्या आसपास येतात. बिर्याणीच्या एका ताटात दोन्ही चुका एकदम होऊ शकतात.

ज्याला लेबल असते त्याचे बघू. हायवेवरच्या धाब्यापासून अकोल्याच्या मॉलपर्यंत गोठवलेले नगेट, कबाब, सॉसेज आता सगळीकडे मिळतात. अकोटच्या दुकानांतल्या फ्रीजरमध्येही आले आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे लेबलविषयीचे २०२० चे नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार पाकिटावर दर १०० ग्रॅमला ऊर्जा, प्रथिन, कर्बोदक, साखर, स्निग्धांश, संतृप्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट आणि सोडियम लिहावे लागते, आणि एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो तेही सांगावे लागते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. म्हणजे यादीत मैदा जितका वर, तितके मांस खाली.

समजा एका नगेटच्या पाकिटावर लिहिले आहे: दर १०० ग्रॅमला ऊर्जा २५०, प्रथिन १३, कर्बोदक १८, स्निग्धांश १४ ग्रॅम, सोडियम ५५० मिलिग्रॅम. गुणाकार करून बघा, ५२ अधिक ७२ अधिक १२६, बरोबर २५०. लेबल खोटे नाही. पण २५० पैकी प्रथिनाचा वाटा ५२, म्हणजे पाचवा हिस्सा. साध्या चिकनच्या छातीत तोच वाटा पाऊण असतो. आणि कर्बोदक १८ ग्रॅम कुठून आले? मांसात तर ते नसते. तो आहे ब्रेडचा चुरा आणि मैदा, चिकनच्या भावाने घेतलेला. मग वाढणीचा आकडा बघा. कंपनीने वाढणी ८० ग्रॅमची धरली असेल तर समोर २०० कॅलरी आणि 'दिवसाच्या १० टक्के' असे सौम्य दिसते. पाकीट ४०० ग्रॅमचे, दोन मित्र बसले की संपते. अख्ख्या पाकिटात १००० कॅलरी आणि २२०० मिलिग्रॅम सोडियम. लेबलच्या नियमात दिवसाची मर्यादाच २००० मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. आणि हे सगळे तळण्याच्या आधीचे. कढईतून जे तेल नगेटसोबत येते त्याची नोंद पाकिटावर नाही, ती तुमच्या वहीत व्हायला हवी.

पाकिटावरच्या इतर खुणांचा कॅलरीशी संबंध नसतो, तरी आपण त्यांनाच आधी शोधतो. चौकोनातला तपकिरी त्रिकोण सांगतो की माल मांसाहारी आहे. १४ अंकी परवाना क्रमांक सांगतो की उत्पादकाची नोंद आहे. हलालचा शिक्का सांगतो की जबिहा आणि घटक तुमच्या अटींत बसतात. शिक्का बघून समाधानाने पाकीट उचलणाऱ्याने ते उलटेही करावे. जाइज असलेली वस्तू आठवड्यातून चार वेळा तळून खाणे शरीरालाही मानवेल, याची हमी त्या शिक्क्याने घेतलेली नाही.

पण खरे सांगायचे तर आपल्या घरात येणाऱ्या मांसाचा फारच थोडा भाग पाकिटातून येतो. बाकीचे येते दुकानावरून, आकड्याला टांगलेले, समोर कापलेले, काळ्या पिशवीत. त्याला लेबल नाही आणि कायद्याने ते असायची सक्तीही नाही. पोषणाची माहिती पाकीटबंद मालावर लागते, आणि त्यातही एकाच घटकाच्या, प्रक्रिया न केलेल्या ताज्या किंवा गोठवलेल्या मालाला सूट आहे. हॉटेलच्या मेनूवर कॅलरी लिहिण्याचा नियम दहा किंवा जास्त शाखा असणाऱ्यांना किंवा केंद्रीय परवाना असणाऱ्यांना. लग्नाची देग आणि चौकातली बिर्याणीची हंडी त्यात बसत नाहीत, आणि बसावीत असे आमचे म्हणणेही नाही.

म्हणजे लेबल आपणच लिहायचे. चाचा दुकानावर विचारतात, "रान दू के सीना?" हा प्रश्न आपण चवीचा समजतो, पण तोच पोषणाचाही आहे. रान आणि दस्तीला चरबी कमी, सीना आणि चापला जास्त. वर चाचा प्रेमाने चरबीचा एक गोळा टाकतात, "सालन को मजा आएगा." ११८ हा आकडा चरबी काढलेल्या मांसाचा आहे. एक किलोत ५० ग्रॅम चरबी वितळून मिसळली तर साडेचारशे कॅलरी वाढल्या समजा. हिवाळ्यात सकाळी पातेल्यावर जो पांढरा थर जमलेला दिसतो, तो म्हणजे हाच गोळा.

आम्ही त्या अकोटच्या वाचकाला सांगितले की ॲप बाजूला ठेव आणि येत्या जुम्म्याला घरच्या पातेल्याचा हिशोब कर. अम्मीला विचार, तोल आणि लिही. त्याने केला. एक किलो बोकड, चरबी काढून घेतलेले. जेवणानंतर सगळ्यांच्या ताटांतली हाडे गोळा करून तोलली, पाव किलो भरली. (हसू नका. मटणातले हाड किती हे कुठलेही ॲप सांगत नाही, हाच एक उपाय आहे. चोखलेले हाड थोडे हलके भरते, तेवढी चूक चालते.) म्हणजे मांस ७५० ग्रॅम, कॅलरी ८८५. तेल अम्मीने अंदाजाने घातले. त्याने आधी आणि नंतर तेलाचा डबा तोलला, १५० ग्रॅम गेले होते. सुके खोबरे ५० ग्रॅम, कांदा पाव किलो. तेलाच्या १३५० कॅलरी, खोबऱ्याच्या ३३०, कांद्याच्या १२५. सगळी बेरीज २६९०.

खाणारी माणसे सहा. प्रत्येकी ४४८ कॅलरी. त्यातल्या मटणाच्या १४७. तेलाच्या २२५.

तो दोन महिने ज्याच्यावर रुसून बसला होता त्या मटणाचा वाटा एक तृतीयांश होता, आणि निम्म्या कॅलरी तर्रीत होत्या. तेच सालन ६० ग्रॅम तेलात केले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला ४४८ ऐवजी ३१३ आल्या असत्या. बोटी एकही कमी न करता. शिवाय त्या प्रत्येकी १२५ ग्रॅम मांसातून जवळपास २७ ग्रॅम प्रथिन मिळाले. ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज पोषण संस्थेने ५४ ग्रॅम धरली आहे, म्हणजे एका जेवणात निम्मी झाली. जिमच्या काउंटरवर जो पावडरचा डबा हजारोंना मिळतो त्याविषयी याच संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सांगितले आहे की तो टाळा. डबा घेऊन मटण सोडणारा तरुण आमच्या मते दोन्हीकडून तोट्यात आहे.

सोयाबीन, शेंगदाणा किंवा आपल्या वऱ्हाडची जुनी सरकी, तेल कुठलेही घ्या, १०० ग्रॅमला ९०० कॅलरीच. पाकिटावर 'हलके' लिहिले असले तरी. एक लिटरचा पाउच साधारण ९१० ग्रॅमचा असतो. सहा माणसांच्या घरात महिन्याला पाच पाउच लागत असतील तर माणशी रोज २५ ग्रॅम तेल झाले, आठ लागत असतील तर ४०. रोजच्या पळ्या मोजत बसण्यापेक्षा हा हिशोब सोपा. किराण्याची यादी हाच तुमच्या घराचा खरा तक्ता आहे.

आता अशा एका मांसाविषयी, ज्याच्याबद्दल बोलताना आपलेच लोक आवाज खाली करतात. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्राचा सुधारित प्राणी संरक्षण कायदा लागू झाला आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. त्यामुळे 'बडे का' म्हणून आज जे कायदेशीर मिळते ते म्हशीचे. ते मटणाहून खूप स्वस्त असते, आणि म्हणूनच ज्याच्या घरी ते शिजते तो पाहुण्यांना सांगत नाही. वर समज असा की ते जड, गरम आणि चरबीचे. जुन्या तक्त्यात म्हशीच्या मांसाचे आकडे असे आहेत: प्रथिन १९.४, स्निग्धांश ०.९, कॅलरी ८६. अमेरिकेच्या तक्त्यात ९९. बोकडापेक्षा कमी. जे 'जड' वाटते त्याची कारणे दोन: त्याचे धागे जाड असतात म्हणून ते जास्त वेळ शिजवावे लागते, आणि कोरडे पडू नये म्हणून त्यात तेल जास्त ओतले जाते. ज्या घरात महिन्यातून एकदाच मटण परवडते, त्या घराला हा आकडा माहीत असायला हवा. गरिबाच्या ताटातली वस्तू कमी प्रतीची असलीच पाहिजे, हा समज पोषणशास्त्राने दिलेला नाही, तो आपणच तयार केला आहे.

लेबलवरच्या टक्क्यांमागे दिवसाच्या २००० कॅलरी धरलेल्या असतात. हा माणूस कोण? अकोटच्या एखाद्या घरात शोधून बघा. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० कॅलरी लागतात, बैठ्या कामाच्या स्त्रीला १६६०. मध्यम कष्टाच्या स्त्रीला २१३०, आणि जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ३४७०. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे अब्बा, दिवसभर उभी राहून घर सांभाळणारी अम्मी, कापूस वेचायला जाणारी खाला, हमाली करणारे मामू, यांच्यापैकी २००० चा कुणीच नाही. ॲपने भावाला १८०० चे बंधन घातले म्हणून सगळ्या घराने कमी खावे असे होत नाही. आणि आपल्या घरांत नेमके उलट घडते, त्याविषयी बोलायलाच हवे.

कॅलरी मोजणारा घरात बहुधा मुलगा असतो. त्याच्यासाठी रान वेगळी काढली जाते, अंड्यांचा ट्रे येतो, 'त्याला प्रोटीन लागते' म्हणून कलेजी त्याच्या ताटात जाते. सगळ्यांना वाढून झाल्यावर अम्मी आणि आपा बसतात तेव्हा पातेल्यात तर्री असते, बटाटा असतो आणि एखादी हाडाची बोटी. म्हणजे कॅलरी पूर्ण, बहुतेक तेलाच्या आणि भाकरीच्या, आणि प्रथिन व लोह जवळपास नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. हा आकडा सगळ्या समाजांचा आहे, आपल्या एकट्याचा नाही, पण आपल्या घरातल्या निम्म्या बायका त्यातून सुटल्या असतील असे मानायला काही कारण नाही. स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. आणि मांसातले लोह डाळ-भाजीतल्या लोहापेक्षा शरीराला सहज लागते. जास्त गरज जिची, तिलाच सगळ्यात शेवटी वाढले जाते. कॅलरीच्या ॲपमध्ये हा रकाना नाही.

म्हणून आमचे म्हणणे, वजनकाटा आणलाच आहे तर एक आठवडा आपल्या ताटाबरोबर आपाचेही ताट तोला. तिच्या वाट्याला आलेले मांस ग्रॅममध्ये लिहा. उपदेश करायची गरज पडणार नाही, आकडा पुरे आहे. (गरोदर बहिणीला कलेजीचा मारा मात्र करू नका, तिच्यातले अ जीवनसत्त्व फार होते. डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही प्रथिन वाढवण्याआधी विचारलेच पाहिजे.)

घरात साखरेचा आजार असेल तर हिशोबाची दिशा बदलते. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्या वाटेवर असल्याचा अंदाज दिला. अब्बांना साखर निघाली की घरात आधी मटण बंद होते आणि दोन पोळ्यांच्या तीन होतात, कारण साध्या वरणाने पोट भरत नाही. रक्तातली साखर थेट वाढवते ती कर्बोदके, म्हणजे भात, पोळी, नान, शीरखुर्मा. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे २१० कॅलरी असतात आणि त्यातल्या बहुतेक कर्बोदकाच्या. भाकरी वाईट नाही, पण दोनाच्या तीन करताना कुणी लेबल मागत नाही. मधुमेह्याने चरबी आणि मीठ सांभाळायचेच आहे, हृदयासाठी. पण कमी तेलातल्या चार बोट्या आणि एक भाकरी हे त्याच्यासाठी तीन पोळ्या आणि वरणापेक्षा वाईट जेवण आहे, असे सांगणारा आहारतज्ज्ञ आम्हाला अजून भेटलेला नाही.

शेवटी नागरिक म्हणून आपण काय मागायचे, ते. पहिली गोष्ट भाषेची. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की नियम पुरा होतो. मराठी ऐच्छिक, उर्दूही ऐच्छिक. बहुतेक कंपन्या इंग्रजी छापतात, तेही मुंगीच्या अक्षरात. घरात अन्न शिजवणारी व्यक्ती आणि लेबल वाचू शकणारी व्यक्ती जोवर वेगवेगळ्या आहेत तोवर लेबलचा उपयोग अर्धाच. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मांसाच्या पाकिटांवर निदान ऊर्जा, प्रथिन, स्निग्धांश आणि सोडियम हे चार आकडे मराठीत असावेत, ही मागणी मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी करायला हरकत नाही. उलट ती आपणच करावी, कारण ती सगळ्यांची आहे.

दुसरी मागणी आपल्याच दुकानांकडे. पाटीवर बोकड की मेंढी, आणि आजचे की कालचे, एवढे लिहावे. कॅलरीचा हिशोब इथूनच सुरू होतो आणि यासाठी कुठल्याही सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. चाचांना अडचण असेल तर पाटी आपण रंगवून देऊ.

तिसरे काम आपले स्वतःचे. राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता कच्च्या पदार्थांचा आहे. वऱ्हाडातल्या घरातले कीमा-मटार, दालचा, पाया, लग्नाचा पुलाव यांचे तोललेले हिशोब कुणी मराठीत आणि उर्दूत लिहून ठेवलेले आम्ही पाहिलेले नाहीत. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी एक पातेले निवडावे: मांस किती, हाड किती निघाले, तेलाचा डबा किती हलका झाला, खाणारे किती, आणि कुणाच्या ताटात किती गेले. आम्हाला पाठवा, आम्ही जसेच्या तसे छापू. नावे छापणार नाही.

त्या अकोटच्या वाचकाने गेल्या आठवड्यात पुन्हा लिहिले. उकडलेले चिकन बंद झाले आहे, जुम्म्याला तो सगळ्यांबरोबर जेवतो. तेलाचा डबा आता अम्मीच तोलते, ९० ग्रॅमवर आली आहे, त्याच्या खाली जायला तयार नाही. म्हणते, तुझ्या साठ ग्रॅमात कांदा करपतो. दुसरा आकडा त्याने सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत लिहिला आहे. आपाच्या ताटात पहिल्या जुम्म्याला ४० ग्रॅम मांस होते, आता ती आणि अम्मी सगळ्यांबरोबर बसतात आणि तिच्या ताटात ११० असते.